तीन मोजे, दोन च

माईकला मोजे घालायची पद्धत माझी. आमच्या स्टुडिओत येणारा प्रत्येक जण आधी त्यावर हसतो आणि मग मोबाइल काढून फोटो घेतो. मोजे वडिलांचे. ठाण्याच्या कचेरीत त्यांनी उभा जन्म नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर पायात मोजा म्हणून घातला नाही, त्यामुळे कपाटाचा एक अख्खा कप्पा मोज्यांनी भरलेला होता. त्यातले तीन मी उचलले. करडा, तपकिरी आणि निळा. बोटांकडचा भाग कात्रीने उडवला आणि आमच्या तीन माईकच्या अंगात घातले. आवाज आत जातो ती जाळी उघडी, कंपनीचं नाव मात्र झाकलेलं.

हे करावं लागलं, कारण गाणारी माणसं माईक कानाने निवडत नाहीत, डोळ्यांनी निवडतात. कुठल्यातरी रीलमध्ये जाडजूड सोनेरी माईक पाहिलेला असतो आणि दारातूनच विचारतात, "तसलावाला आहे का तुमच्याकडे?" अरे, तुझा आवाज कुठला, तू मागतोस काय! एकाला शोभतो तो दुसऱ्याला शोभेलच असं नाही. चार बहिणींनी एकाच मापाचा ब्लाउज घालायचा हट्ट धरावा, त्यातली गत. मोजे चढल्यावर महाग-स्वस्त ही भानगडच संपली. गाणाऱ्याने तिन्ही माईकवर ठरल्या क्रमाने तीच ओळ गायची, मी काचेकडे पाठ करून, डोळे मिटून हेडफोनवर ऐकायची आणि फक्त रंग सांगायची.

आमचा स्टुडिओ मानपाड्याला, एमआयडीसीच्या अंगाला, एका गाळ्यात. मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघांनी बावीस वर्षांपूर्वी तो काढला. मी तेव्हा बँकेतली नोकरी सोडली होती आणि नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं होतं. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. वायरी, मशिनं, कॉम्प्युटर त्याचे. माईक माझा. कुठला लावायचा, किती अंतरावर, तोंडासमोर की जरा बाजूला, हे मी सांगायचं आणि त्याने लावायचं. पेटीला भात्याच्या बाजूने माईक लावला की गाण्यापेक्षा भात्याची फूसफूसच जास्त येते. झांजा जवळ आणल्या तर त्या सगळ्यांना खाऊन टाकतात, त्यांना दाराशी उभं करावं. शेजारच्या गाळ्यातला कॉम्प्रेसर नेमका आलापाच्या वेळी सुरू होतो, तेव्हा दूरचं ऐकणारा नाजूक माईक काढून, जवळचंच ऐकणारा ठोंब्या माईक लावावा. हे मला कुणी शिकवलं नाही. मला ऐकू यायचं.

माईक पारखायला माझं एक वाक्य होतं. इंग्रजीत अशी वाक्यं तयार मिळतात, पण ती मराठीच्या काय कामाची? आपल्याकडे च एकच लिहितात आणि बोलतात दोन. चांदण्याचा च दातांवर, चिमणीचा टाळ्याला. खराब माईक, किंवा चांगलाच पण त्या गळ्याला न मानवणारा माईक, पहिल्यांदा या दोघांची गल्लत करतो. म्हणून मी वाक्य केलं, "चांदण्यात चिमणीची चोच चमकते." गायला आलेल्या प्रत्येकाला ते तीनदा म्हणायला लावायची. एका भजनीबुवांनी मला विचारलं होतं, "बाई, चांदण्यात चिमणी कशाला जागी राहील?" मी म्हटलं, "तुमच्या रेकॉर्डिंगची काळजी लागून राहिली असेल." भाऊ तिकडे काचेपलीकडे पोट धरून हसत होता.

असा तो. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि माझ्या शब्दाबाहेर न जाणारा. रंग सांगितला की म्हणायचा, "तू म्हणशील तो." हे तीन शब्द मी बावीस वर्षं ऐकले. मला त्यांची इतकी सवय होती की त्यांच्याकडे कधी लक्षच दिलं नाही.

गेल्या वर्षी घोडबंदर रोडवरून एक बाई आल्या. चाळिशीच्या, कुठल्याशा आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि स्वतः रचलेल्या अंगाया रेकॉर्ड करायच्या म्हणून दोन दिवस रजा काढून आलेल्या. पहिल्या दिवशी दोन तास उशिरा पोचल्या, घामाघूम. "सॉरी ताई, मेट्रोचं काम आणि त्यात कंटेनर बंद पडलेला, एका जागी तासभर उभी होते मी," म्हणाल्या. मी त्यांना पाणी दिलं, अर्धा तास गप्प बसवलं आणि मग चिमणीला चांदण्यात नेलं. त्यांचा आवाज छान होता, पण स आणि च मला जरा बोथट वाटले. मी तिन्ही ऐकले. तपकिरी आणि निळा मला मंद वाटले, तोंडावर घोंगडी घेऊन गायल्यासारखे. करड्यावर शब्द स्वच्छ येत होते. मी म्हटलं, "करडा."

"तू म्हणशील तो," भाऊ म्हणाला.

मी माझ्या वहीत लिहिलं. गाणाऱ्याचं नाव आणि पुढे रंग, एवढीच माझी वही. दोन्ही दिवस मी पाठ करून बसले आणि ऐकलं. काम सुरेख झालं. त्या जाताना माझ्या पाया पडायला वाकल्या आणि मी त्यांना अर्ध्यातच धरलं.

दोनेक महिन्यांनी अंगाया बाहेर आल्या आणि बाईंनी मला एक फोटो पाठवला. त्या डोळे मिटून गातायत, समोर माईक. खाली लिहिलं होतं, "माझ्या आवाजासाठी हा माईक निवडणाऱ्या ताईंना, मनापासून."

फोटोतल्या माईकचा मोजा तपकिरी होता.

माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. मला वाटलं, मीच विसरले असेन. साठीला आले, होतं असं. म्हणून वही काढली. करडा. माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून. मग वाटलं, फोटो पहिल्या चाचणीच्या वेळचा असेल. पण चाचणी पहिल्या दिवशी झाली होती, तेव्हा बाईंच्या अंगावर ड्रेस होता, आणि फोटोत दुसऱ्या दिवशीची हिरवी साडी. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळ्यावर लवकर गेले. भाऊ केबलींची वेटोळी करत होता. मी मोबाइल त्याच्यासमोर धरला. त्याने पाहिलं आणि पुन्हा केबलीकडे बघायला लागला.

"माईक बदललास तू," मी म्हटलं.

"अगं, त्या दिवशी काय झालेलं, करड्याची वायर जरा..."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्याने केबल खाली ठेवली आणि स्टुलावर बसला. "दीड वर्ष झालं, ताई," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, फार तर हे एक गाणं. दीड वर्ष! मी विचारलं, "प्रत्येक वेळी?" तो म्हणाला, प्रत्येक वेळी नाही, ज्या वेळी मी चुकीचा रंग सांगितला त्या वेळी. मी बाहेर चहा सांगायला किंवा पाहुण्यांशी बोलायला गेले की तो माईक बदलायचा आणि गाणाऱ्याला सांगायचा, ताईंनी हाच लावायला सांगितलाय. म्हणजे चोरीही माझ्याच नावावर.

"आणि चुकीचा कोणी ठरवला? तू?"

त्याने जे सांगितलं ते इथे लिहिताना आजही माझ्या तोंडाला कडवटपणा येतो. दीड वर्षापूर्वी एका दुपारी नवीन केबल तपासायला म्हणून तो आत उभा राहिला होता आणि मी नेहमीसारखी पाठ करून, डोळे मिटून ऐकत होते. मस्करी म्हणून त्याने माझं वाक्य उलटं म्हटलं. चिमणीचा च दातांवर आणि चोचीचा टाळ्याला, मराठी कालपरवा शिकायला लागलेला माणूस म्हणेल तसं. मी हसेन, ओरडेन, असं त्याला वाटलं. मी म्हटलं, "छान, स्वच्छ येतंय." त्याला वाटलं मीही मस्करीच करतेय. त्याने दुसऱ्या माईकवर पुन्हा उलटं म्हटलं, मग तिसऱ्यावर. मी तिन्ही वेळा मान डोलावली आणि रंग सांगितला.

"तुला दोन्ही च सारखेच ऐकू येतात, ताई," तो म्हणाला. "म्हणून तू सारखा करडाच निवडतेस. तो सगळ्यात टोचरा आहे. आम्हाला कानात सुया जातात, तुला तेव्हा कुठे नीट ऐकू येतं."

आम्हाला! मी आणि तो इतकी वर्षं आम्ही होतो. आता बाकीचं जग त्या आम्हीत गेलं होतं आणि मी एकटीच बाहेर.

मी त्याला नको नको ते बोलले. केसाने गळा कापलास म्हटलं. पोटात एक आणि ओठात एक, हे कुणाकडून शिकलास म्हटलं. तो ऐकून घेत होता. शेवटी मी विचारलं, "त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू?" तो म्हणाला. "तुझ्याकडे तेवढंच तर आहे."

हे तो प्रेमाने म्हणाला, हे मला कळत होतं. म्हणूनच मी पर्स उचलली आणि रिक्षा पकडून घरी आले. शिवी दिली असती तर मी ती परत केली असती.

त्या आठवड्यात मी गाळ्यावर फिरकले नाही. घरी बसून वही उलटत राहिले. दीड वर्षातली पानं. प्रत्येक पानावर माझ्या हातचे रंग, आणि त्यातले किती खरे, देव जाणे. ठाण्याच्या एका निवृत्त मास्तरांनी स्वतःच्या कविता आमच्याकडे म्हटल्या होत्या आणि नंतर हाताने पत्र लिहिलं होतं, तुमच्या कानांना माझा दंडवत. ते पत्र मी स्टुडिओतल्या आरशाशेजारी चिकटवलंय. मी भावाला फोन केला आणि एवढंच विचारलं, "मास्तरांचा कुठला होता?" "तपकिरी," तो म्हणाला. माझ्या वहीत करडा होता. तेव्हापासून येता-जाता मी दुसऱ्याचा दंडवत घेत होते.

आणि सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच होतं. माझ्या पाठीमागे माईक बदलला जायचा, त्या बदललेल्या माईकवर माणूस तासन्‌तास गायचा आणि मी हेडफोन लावून मान डोलवायची. मला त्याने फसवलं होतं हे खरं, पण माझ्या कानांनी ते एकदाही सांगितलं नाही. ज्यांच्या जिवावर नोकरी सोडली ते कानही त्यालाच सामील.

मग मी ठाण्याला कान तपासायला गेले, एकटीच. तिथे एका लहानशा खोलीत बसवतात. भिंतींना मऊ अस्तर, समोर काच, काचेपलीकडे एक मुलगी. आमच्याच स्टुडिओत गाणाऱ्याच्या जागी बसल्यासारखं वाटलं. हेडफोन कानाला आणि हातात एक बटण, आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला सोपं होतं. मग आवाज बारीक होत गेले आणि मग नुसती शांतता. मी काचेतून त्या मुलीच्या हाताकडे पाहायला लागले. तिचं बोट हललं की मी बटण दाबायची. थोड्या वेळाने ती दार उघडून आत आली आणि हसून म्हणाली, "मॅडम, मी काही वाजवलं नाही तरी तुम्ही दाबताय."

भावाला फसवा म्हणणारी मी. मान खाली घालून तपासणी पुरी केली. कागदावरची रेघ बऱ्यापैकी सरळ चालत येते आणि शेवटी एकदम खाली कोसळते. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, बोलणं ऐकायला फारशी अडचण नाही, फक्त बारीक, टोकदार आवाज गेलेत. स, श, च वगैरे. आम्ही एक छोटं यंत्र बसवू, म्हणाले, त्यात माईक असतो. कुठला माईक, ते तेच ठरवणार होते.

पुढच्या सोमवारी मी गाळ्यावर गेले. भावाने माझी खुर्ची पुसून ठेवलेली होती. मी बसले नाही. म्हटलं, "मी तुला माफ केलेलं नाही."

"माहितेय."

"पण काम करायचं असेल तर एक अट. यापुढे मी चुकले तर तोंडावर सांगायचं. तिथल्या तिथे, गाणारा समोर असला तरी. मागे काही करायचं नाही."

"समोर कशाला, ताई? नंतर हळूच..."

"हळूच नको. दीड वर्ष हळूच झालं."

त्याने मान हलवली. त्या दिवशी दुपारी कल्याणहून एक मुलगी आली, विशीतली, पहिलंच गाणं. फार घाबरली होती. मोजे पाहून तीही हसली आणि तिनेही फोटो काढला. मी तिला वाक्य दिलं, काचेकडे पाठ केली, डोळे मिटले. चांदण्यात चिमणीची चोच चमकते. चांदण्यात चिमणीची चोच चमकते. मी सगळा जीव कानात आणून ऐकत होते. डॉक्टरांच्या कागदाला खोटं पाडायचं, भावाला खोटं पाडायचं, एवढं एकच डोक्यात होतं. करडा मी आता मुद्दामच घेणार नव्हते. तपकिरी जड वाटला. निळ्यावर मला काहीतरी ऐकू आलं, अगदी खरंखुरं, चोचीचं टोक दिसावं तसं. मी वळले आणि म्हटलं, "निळा."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. तू म्हणशील तो, हे त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं.

"नको, ताई," तो म्हणाला. "निळा नको."

अट माझीच होती. तरी थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्या मुलीसमोर, बावीस वर्षांनी, पहिल्यांदा. क्षणभर मला वाटलं, दीड वर्ष खोटं बोलला तेच बरं होतं. आणि लगेच वाटलं, आत्ता तो खरं बोलतोय हे तरी मी कशावरून ठरवू? निळा बरोबरही असेल. ते ऐकायला जे कान लागतात ते आता फक्त त्याच्याकडे होते, आणि ज्याचा शब्द मला कधीच पुन्हा पुरा पटणार नाही असा माणूस जगात एकच होता, तोही तोच.

मुलगी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. आम्हा बहीण-भावाच्या भांडणात तिचं पहिलं गाणं अडकलं होतं.

"मग ताई, मी कुठल्यावर गाऊ?" तिने विचारलं.

मी वही मिटली.

"त्याला विचार," मी म्हटलं.